आजारानंतरचे काम : खानदेशातील पुनर्वसनाचा प्रश्न



अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते. याच दिवसांत जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या शेतीव्यवहारातील एक जुना करारही होत असतो. शेतकऱ्याच्या घरी वर्षभर राबणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला संपते आणि पुढचे साल आखाजीलाच ठरते. रोख किती, धान्य किती, उचल किती, हे चारचौघांत बोलून ठरविले जाते. कागद बहुधा नसतो. माणूस ओळखीचा असतो आणि ती ओळख हाच कराराचा जामीन असतो.

गावोगाव असा एखादा तरुण आढळतो की ज्याला आखाजीला कोणी विचारीत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी तो आजारी पडलेला असतो. एकटाच बोलू लागला, रात्र रात्र जागू लागला, शेजारी आपल्या वाईटावर आहेत असे म्हणू लागला. घरच्यांनी प्रथम भगत पाहिला, मग देवस्थान पाहिले आणि अखेरीस जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट धरली. औषधे सुरू झाली, भास ओसरले, झोप लागू लागली. वैद्यकीय कागदपत्रांत ‘सुधारणा’ असा शेरा पडला. परंतु सकाळी सारे घर शेतावर गेले की हा मनुष्य ओट्यावर एकटाच बसून राहतो. त्याला काम झेपेल काय, हा प्रश्न गावाने विचारलेलाच नसतो. त्याचे उत्तर मात्र देऊन टाकलेले असते. वडील म्हणतात, पूर्ण बरा होऊ द्या, मग पाहू. आई म्हणते, उगाच ताण नको. दोघांच्याही बोलण्यात माया असते. पण त्या मायेपोटी एक वर्ष जाते, दुसरे जाते. हाताची सवय मोडते, बोलण्याची सवय मोडते आणि एके दिवशी औषधेही सुटतात. कशासाठी घ्यावयाची, असे त्याला वाटू लागलेले असते.

या व्याख्यानाचा विषय हा ओट्यावरचा मनुष्य आहे. त्याच्याबरोबर दारूच्या किंवा अन्य व्यसनाच्या उपचारांतून परतलेला मनुष्यही आहे. दोघांचे आजार निराळे, पण दोघांची अडचण एकाच जागी येऊन थांबते. उपचार करणारे म्हणतात की आमचे काम झाले, आणि काम देणारे म्हणतात की आमच्याकडे काम नाही.

मनोरुग्णालयांची दूरची वाट

खानदेशात मोठे मनोरुग्णालय कधी उभे राहिले नाही. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. जळगावहून ठाण्याचे अंतर रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर आहे. ज्या काळात मानसिक उपचार म्हणजे मनोरुग्णालय एवढाच अर्थ होता, त्या काळात खानदेशातील रुग्ण गाडीत बसवून दूर नेला जाई, आणि पुष्कळदा तिकडेच राही. तेथे कामाची व्यवस्था होती. विणकाम, सुतारकाम, बागकाम, शिवण यांच्या शाळा मनोरुग्णालयांतून दीर्घकाळ चालत आल्या आहेत. कामाने मन स्थिर होते ही जाण जुनीच आहे. उणीव एवढीच की ते काम भिंतीच्या आत होते, आणि त्या कामावरून बाहेरच्या कामावर नेणारा पूल नव्हता.

१९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रूपाने तो जिल्ह्यांत पोहोचू लागला. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता व परिचारिका असे पथक जिल्ह्याला मिळावे, अशी त्याची रचना. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. म्हणजे औषधासाठी ४०० किलोमीटर जाण्याचे दिवस सरले, असे म्हणता येईल. गरज किती मोठी आहे याची कल्पना बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीवरून येते. महाराष्ट्र त्या पाहणीच्या बारा राज्यांत नव्हता. पण खानदेशाच्या सीमेला लागून असलेली गुजरात व मध्य प्रदेश ही राज्ये होती. प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे तीत आढळले, आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होते.

आता औषध जवळ आले आहे. काम मात्र जवळ आलेले नाही.

आधी बरे व्हा, की आधी कामाला लागा?

पुनर्वसनाची रूढ पद्धत अशी की रुग्णाला प्रथम कार्यशाळेत बसवावयाचे, तेथे मेणबत्त्या, कागदी पिशव्या, लिफाफे, पणत्या असे काही शिकवावयाचे आणि तो तयार झाला असे वाटल्यावर बाहेर पाठवावयाचे. या पद्धतीने अनेकांना आधार दिला, हे नाकारता येणार नाही. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘त्रिदल’ केंद्रासारख्या ठिकाणी तर दिवसभराचा सहवास, गप्पा व काम यांतून स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नवी उभारी मिळाल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. तथापि एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयास हवी. आजारापूर्वी जो फिटर होता, जो उत्तम गवंडी होता, जी शिक्षिका होती, त्या सर्वांना सरसकट कागदी पिशवीपाशी आणून बसविणे हे पुनर्वसन नव्हे. ‘तयार’ होण्याची ही प्रतीक्षा बहुधा संपतच नाही. कार्यशाळा हेच मुक्कामाचे ठिकाण होऊन बसते.

अमेरिकेत या प्रश्नाचा विचार दोन टप्प्यांनी पुढे गेला. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या काही व्यक्तींनी एकमेकांना धरून राहण्यासाठी जे मंडळ काढले होते, त्यातून १९४८ साली न्यूयॉर्क येथे ‘फाउंटन हाउस’ उभे राहिले. तेथे कोणी रुग्ण नव्हता. सारे सभासद होते आणि घर चालविण्याचे काम सभासदच करीत. पुढे बाहेरच्या आस्थापनांत अल्पमुदतीच्या नोकऱ्या मिळवून देण्याची प्रथाही तेथे पडली. दुसरा टप्पा न्यू हॅम्पशायर राज्यातील रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांच्या कार्याचा. त्यांनी क्रमच उलटा केला : प्रथम शिकवा, मग नोकरी शोधा, याऐवजी प्रथम नोकरी मिळवून द्या आणि शिकवणे कामावरच करा. ज्याला काम करावेसे वाटते तो पात्र, एवढीच अट. काम साधे, बाजारभावाने पगार देणारे आणि त्याच्या आवडीचे असावे. रोजगार-कार्यकर्ता डॉक्टरांच्याच पथकात बसलेला असावा. नोकरी लागल्यानंतरही त्याची सोबत सुटू नये. एका कार्यकर्त्याकडे विसाहून अधिक व्यक्ती देऊ नयेत, असाही दंडक आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा अकरा तुलनात्मक चाचण्या एकत्र पाहण्यात आल्या. या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी सरासरी ६१ टक्के व्यक्तींना सर्वसाधारण बाजारात काम मिळाले. जुन्या पद्धतीच्या सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते.

हे आकडे परदेशातील आहेत आणि जळगाव म्हणजे न्यू हॅम्पशायर नव्हे. पण याच्या उलट दिशेचाही एक पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांत एकाच वेळी स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला होता. त्यात भारतातील आग्रा हे केंद्र होते. काही वर्षांनी पाहता आग्रा व नायजेरियातील इबादान येथील रुग्णांची स्थिती अनेक प्रगत शहरांतील रुग्णांहून बरी निघाली. त्याची कारणे सांगताना एकत्र कुटुंब आणि शेतीतील हलक्या-भारी कामांची सोय यांचा उल्लेख होत आला आहे. त्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ शंकाही घेतल्या गेल्या. आपली खेडी मनोरुग्णाला आपोआप सांभाळून घेतात असा भाबडा अर्थ त्यातून काढू नये. शेतीत अनेक वेगांची कामे एकाच वेळी चालतात आणि प्रत्येक हाताला काही तरी जमण्यासारखे असते, एवढे मात्र कोणताही शेतकरी सांगेल.

केळी, कपाशी आणि कामाची निवड

खानदेशच्या कामांची ओळख या दृष्टीने करून घेतली पाहिजे. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची बाग वर्षभर काम देते. मृगबाग असो की कांदेबाग, पिले काढणे, वाळलेली पाने कापणे, घडाला टेकू देणे, ठिबकच्या नळ्या तपासणे, ही कामे शांतपणे, एकट्याने किंवा दोघांनी करता येतात. याउलट घड कापून मालमोटार भरणारी टोळी घाईत असते, पाठीवर भार असतो आणि हातात धारदार हत्यार असते. औषधांमुळे ज्याचे हात थरथरतात, त्याला पहिल्या महिन्यात या टोळीत घालणे शहाणपणाचे नाही. काम एकाच बागेतले, एकाच मालकाचे. पण एक त्याला उभे करील आणि दुसरे चार दिवसांत घरी पाठवील.

कपाशीची वेचणी वजनावर असते. तिच्यात एक सोय आहे : हळू वेचणाऱ्याला कोणी हटकीत नाही. पण त्याची मजुरीही कमी पडते, आणि घरी गेल्यावर ती मजुरी दुसऱ्याच्या मजुरीशी ताडून पाहिली जाते. म्हणून वजनावरचे काम सुरुवातीला द्यावयाचे तर घरच्यांशी आधी बोलावे लागते. फवारणीचे काम मात्र काही काळ तरी टाळावे. विषारी औषधे हाताळण्यात सगळ्यांनाच धोका असतो. आणि खोल नैराश्यातून नुकत्याच बाहेर येणाऱ्या मनुष्याच्या ताब्यात कीटकनाशकाची खोली देऊ नये, हे कपाशीच्या प्रदेशात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

दोन गोष्टी खानदेशात विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली उन्हाची. चैत्र-वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मनोविकारांवरील काही औषधांमुळे घाम येण्याची व शरीर थंड राखण्याची क्रिया मंदावते. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी व मीठ अधिक गेले तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकते. उलट्या, जुलाब, तोल जाणे, हात जोराने थरथरणे ही त्याची लक्षणे होत, आणि ती दिसताच डॉक्टरांकडे नेले पाहिजे. तेव्हा सकाळची पाळी, सावलीतले काम आणि भरपूर पाणी, ही त्याची गरज आहे, चैन नव्हे. दुसरी गोष्ट रात्रीच्या पाण्याची. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते आणि पिकाला पाणी देण्यासाठी माणूस रात्रभर जागतो. ज्याला उन्माद व नैराश्य यांचा आलटून पालटून त्रास होतो त्याच्या बाबतीत चार रात्रींचे जागरण हेच पुढच्या उन्मादाचे निमित्त होऊ शकते. सालदाराच्या करारात ‘रात्रीचे पाणी याच्याकडे नाही’ एवढे एक कलम घातले तर एक मनुष्य वर्षभर टिकू शकतो. औषधाने सकाळी गुंगी राहात असेल तर मात्रा रात्रीवर नेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारता येते. पण त्यासाठी कामाची वेळ डॉक्टरांना ठाऊक असावी लागते, आणि ती त्यांना कोणी सांगत नाही.

शहरातील गोष्ट वेगळी आहे. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव येथील कापडगिरण्यांचा काळ आता मागे पडला. जळगावात डाळ, चटई, प्लास्टिकच्या नळ्या यांचे उद्योग वाढले. शिरपूर व दोंडाईचा परिसरातही कारखानदारी आली. यंत्रावरील कामात पाळ्या बदलतात, आणि पुन्हा झोपेचा प्रश्न उद्भवतो. कायम दिवसपाळी मागून घेणे हा त्यावर साधा उपाय आहे. शहरात आणखी एक पेच असतो. खेड्यात आजाराची बातमी सर्वांना असते, किंबहुना फारच असते. कारखान्यात ती कोणालाच नसते. मालकाला सांगावे काय? सांगितले तर दार बंद होण्याचे भय, न सांगितले तर तपासणीच्या दिवशी रजा मागताना खोटे बोलण्याची पाळी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजाराबाबत गुप्तता राखून घेण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. म्हणून सांगावे की नाही हे त्याने ठरवावे, आणि सांगावयाचे ठरल्यास निदानाचे नाव न घेता, ‘महिन्यातून एक दिवस रुग्णालयात जावे लागते, रात्रपाळी चालत नाही’ एवढेच सांगता येते. मालकाला तरी याहून अधिक माहितीची गरज कोठे असते?

साक्री तालुक्यातून व शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार येथे सोडता येणार नाही. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्यावर उचल घेतलेली असते. दोघांपैकी एक आजारी असला तरी उचल फेडण्यासाठी जावेच लागते, आणि फडावर गेल्यावर गोळ्या संपतात. निघण्यापूर्वी तीन महिन्यांची औषधे हातात पडली, आणि ज्या तालुक्यात फड पडणार तेथील रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी मिळाली, तर पुष्कळ अनर्थ टळेल. यात मुकादमाचेही हित आहे.

स्त्रियांचे काम

स्त्रीच्या बाबतीत प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिचे काम हे काम म्हणून मोजलेच जात नाही. ती बरी झाली की तिने पुन्हा चूल, धुणे, गोठा सांभाळला, म्हणजे पुनर्वसन झाले असे घर मानते. मिळकत तिच्या हातात येत नाही. आजाराच्या काळात माहेरी पाठविलेली स्त्री तर पुष्कळदा परत सासरी बोलावली जात नाही, आणि भावांच्या संसारात ती ओझे ठरते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०११ साली सुरू केलेल्या ‘तराशा’ या प्रकल्पाने मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहण्याची सोय, कामाचे शिक्षण, नोकरी आणि मनाला आधार, या चारही गोष्टी एकत्र बांधल्या. यांतील एकही सुटली तर बाकीच्या तीन टिकत नाहीत, असे त्या कामाकडे पाहताना जाणवते. जळगाव-धुळ्यात महानगरासारखी वसतिगृहे नाहीत. पण बचतगट आहेत. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मसाले करणाऱ्या गटांत एखाद्या आजारी बाईला सामावून घेणे अशक्य नाही. अट एवढीच की तिला ‘बिचारी’ म्हणून बसवून न ठेवता तिच्या कामाचा हिशेब तिच्या नावे लिहिला जावा.

व्यसनातून परतलेले

दारू सोडणाऱ्याला कामाची उणीव निराळ्या प्रकारे भोवते. औषध व सहवास यांच्या जोरावर दारू सुटते. पण सुटल्यावर सकाळ फार लांबलचक होते. पुण्यात १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच होते. महाराष्ट्रातील या क्षेत्राची ती मोठी घटना म्हणावी लागेल. तेथील एक विशेष असा की व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तीच पुढे तेथे कार्यकर्ते व समुपदेशक म्हणून उभ्या राहिल्या. ज्याला कोणी नोकरी देत नव्हते, त्याच्या गतायुष्याचाच तेथे अनुभव म्हणून उपयोग झाला. आश्रित मनुष्य आश्रय देणारा झाला, आणि त्याचा पगारही सुरू झाला.

सर्वांना समुपदेशक होता येणार नाही. व्यसनमुक्त मनुष्याला काम शोधताना कामाइतकेच कामाभोवतीचे वातावरण पाहावे लागते. जेथे संध्याकाळी हिशेब झाला की सारे मिळून ‘बसतात’, तेथे पहिले वर्ष जाऊ नये. हॉटेल, ढाबा, रात्रीची मालवाहतूक ही कामे सुरुवातीला धोक्याची. पगाराचा दिवस आणि आठवड्याचा बाजार एकाच दिवशी आला की अनेकांचे पाय घसरतात, हे कोणतीही गृहिणी सांगेल. मजुरी बँकेत जमा व्हावी, किंवा काही महिने ती पत्नीच्या हाती द्यावी, असे पुष्कळ ठिकाणी ठरविले जाते. पण ते त्या मनुष्याच्या संमतीने व्हावे, नाही तर कामावरचा विश्वासच उडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांत मोहाची दारू सण-विधींशी निगडित आहे, तेथे हा प्रश्न आणखी नाजूक होतो आणि तो बाहेरून आलेल्या उपदेशाने सुटत नाही; त्याच समाजातील दारू सोडलेला मनुष्य बरोबर असावा लागतो.

घसरणे हे या आजाराचेच अंग आहे. पुनर्वसनाच्या योजनांना सर्वाधिक अपयश येथेच येते. मनुष्य एकदा पिऊन आला की त्याला काढून टाकले जाते, आणि मागील आठ महिन्यांची मेहनत वाया जाते. कामावर प्यायलेला मनुष्य चालणार नाही, हे खरेच. यंत्रापाशी तर मुळीच नाही. पण त्या दिवशी घरी पाठविणे आणि कायमचे काढणे यांत अंतर आहे. असे घडल्यास कोणाला बोलवावयाचे, किती दिवस बाहेर राहावयाचे, परत कसे यावयाचे, हे कामावर घेतानाच ठरलेले असले तर मालकाचाही जीव भांड्यात पडतो.

कायदा आणि शासन

१९९५ च्या कायद्याने मानसिक आजाराला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले होते, परंतु नोकरीतील राखीव जागांत दिले नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही उणीव दूर केली. शासकीय आस्थापनांतील राखीव जागा ४ टक्के झाल्या आणि त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगता यांच्यासाठी ठेवण्यात आला. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगतेचे प्रमाणपत्र लागते. मानसिक आजाराचे मोजमाप करताना स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार अंगांनी पाहिले जाते. या कायद्यातील व्याख्येत व्यसनाधीनतेचा उल्लेख नाही, त्यामुळे केवळ व्यसनमुक्त झालेल्याला या सवलतीचा आधार मिळणे कठीण. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र मद्य व मादक पदार्थांशी संबंधित विकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे; म्हणजे उपचाराच्या दारात तो आत आहे आणि नोकरीच्या दारात बाहेर. ही विसंगती आहे, आणि तिचा विचार व्हावयास हवा.

२०१६ च्या कायद्याचे आणखी एक कलम खानदेशात फारसे परिचित नाही. सेवेत असताना दिव्यांगता आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा उतरविता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावयाचे, तसे नसल्यास योग्य जागा मिळेपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावयाचे. भुसावळची रेल्वे, भुसावळ व वरणगावच्या आयुधनिर्माणी, दीपनगरचे वीज केंद्र, एस.टी. महामंडळ, जिल्हा परिषदेच्या शाळा, या प्रदेशात सार्वजनिक सेवेत असलेल्यांची संख्या मोठी आहे. आजार लपवीत लपवीत अखेर राजीनामा देऊन घरी बसलेल्या मनुष्याच्या घरात हे कलम वेळीच पोहोचले असते, तर एका कुटुंबाचे चित्र पालटले असते.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. तो बहुधा साहित्यवाटपात जातो. मनाच्या आजाराला कुबड्या किंवा खुर्ची लागत नाही, म्हणून तो त्या यादीतून निसटतो. त्याला लागतो तो सोबतीचा मनुष्य. जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, धुळ्यात चार. प्रत्येक तालुक्यास एक रोजगार-कार्यकर्ता आणि प्रत्येकाकडे वीस व्यक्ती असा हिशेब केला, तर एकोणीस कार्यकर्त्यांनी एका वेळी ३८० व्यक्तींना सोबत मिळेल. गरजेच्या मानाने ही संख्या अल्प आहे. पण आजचा मनोसामाजिक कार्यकर्ता सारा जिल्हा एकट्याने हिंडत असतो, आणि कामाची चौकशी करण्यास त्याच्याजवळ दिवस उरत नाही. ज्या घरात असा मनुष्य आहे त्यांना निदान दूरध्वनीवरून सल्ला मिळावा, यासाठी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सेवाही चालू आहे.

अशा कार्यकर्त्याचे काम कोणते, हे पुन्हा आखाजीकडे वळून पाहिले म्हणजे समजेल. सणाच्या आधीच्या आठवड्यात त्याने त्या ओट्यावर जाऊन बसावयाचे. प्रथम त्या तरुणाला विचारावयाचे की त्याला कोणते काम आवडेल, मग वडिलांना, आणि त्या तरुणाचे अनुमोदन असेल तर मग शेतकऱ्याला. बोलणी सरळ असतात. काम बागेतले, दिवसाचे. रात्रीचे पाणी नाही, फवारणी नाही. वैशाखात अकरापर्यंत काम आणि उन्ह उतरल्यावर पुन्हा. महिन्यातून एक दिवस रुग्णालय. पहिले दोन महिने अर्धे काम व अर्धी मजुरी, मग पूर्ण. आणि पैसे त्याच्याच हातात. तो दोन दिवस गप्प राहिला, झोपेनासा झाला, तर कोणाला कळवावयाचे त्याचा क्रमांक शेतकऱ्याजवळ. पंधरा दिवसांनी कार्यकर्ता पुन्हा बांधावर येणार. शेतकरी विचारतो, आणि नाही जमले तर? तर दुसरे काम पाहावयाचे, हे उत्तरही आधीच ठरलेले असते. एवढे सारे आखाजीपूर्वी व्हावे लागते, कारण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावातील बहुतेक साले ठरून गेलेली असतात.